दहावीआधी करिअरचं नाव नको?

बडोद्यातल्या मराठी घरांत, दांडिया बाजार असो की रावपुरा, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो: "दहावीपर्यंत करिअरचं डोक्यात घालू नका, अभ्यासातलं लक्ष उडतं." हे खरं नाही.

2009 साली 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींनी विज्ञानाच्या धड्याचा आपल्या आयुष्याशी काय संबंध, ते लिहिलं. बाकीच्यांनी नुसता सारांश. ज्यांना विज्ञान आपल्याला जमणार नाही असं वाटत होतं, त्यांची गोडी आणि गुण, दोन्ही संबंध लिहिल्याने वाढले. तो संबंध मुलांनी स्वतः शोधला होता, हे महत्त्वाचं. "पुढे उपयोगी पडेल" असं आपण दहादा बजावणं म्हणजे ते नव्हे.

आठवीतली मुलगी फॅशन डिझायनर व्हायचं म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नका. पूर्ण गोल घेराचा स्कर्ट बेतायला वर्तुळाचा परीघच लागतो: कंबर 66 सेंमी, तर आतल्या वर्तुळाची त्रिज्या साधारण 10.5 सेंमी. हे तिलाच काढू द्या. पुढच्या वर्षी तिला पायलट व्हावंसं वाटलं, तरी परीघ वाया जात नाही.

बडोद्याला हे परकं नाहीच. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 मध्ये इथे कलाभवन सुरू झालं. त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर स्वतः रसायनशास्त्रज्ञ, आणि तिथे कापडाची रंगाई शिकवली जाई. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायला सांगतं. तुमच्या शाळेत ते दिवस कधी आहेत, जाऊन विचारा.