तात्यांची बोटं अन् उकिरड्यातला कृमी

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या तात्यांना कडवळ कापताना विळा लागला, मनगटाच्या आतल्या बाजूनं, चांगला खोल. अंबाजोगाईकडचं आमचं गाव, तिथून लातूरला नेईपर्यंत रक्त थांबलं होतं पण अंगठा अन् शेजारची दोन बोटं बधीर, चिमटा घेतला तरी कळंना. डॉक्टरनं नस जोडली (आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो अन् मज्जातंतूलाही, इथं मज्जातंतू) आणि म्हणले, हा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढत जातो, टोकापर्यंतचा हिशोब तुम्हीच करा. तात्यांनी वीत लावून केला पण, सहा महिने. मग मलाच विचारलं, हातातली नस वाढती तर झाडावरून पडलेल्या आपल्या चुलत्याची पाठीतली कामून वाढंना?

प्रश्न एकदम करेक्ट आहे. हातापायातले तंतू परत वाढतात, मेंदू अन् मणक्यातले जवळपास वाढतच नाहीत. थोडा दोष आजूबाजूच्या पेशींचा, त्या वाढीला अडवतात, पण थोडा त्या तंतूच्या पेशीचा स्वतःचा, तिच्या जीन्सचा. आणि या दुसऱ्या भागाबद्दल लै काही कळलंय ते एका कृमीमुळं.

सूत्रकृमी म्हणलं की आपल्याकडं डाळिंबवाले अन् हळदवाले लगेच कपाळाला हात लावतात, मुळाला गाठी करणारा निमॅटोड. हा त्याच खानदानातला पण निरुपद्रवी, सडक्या फळात, कंपोस्टात राहून बॅक्टेरिया खाणारा, नाव सी. एलेगन्स. लांबी साधारण १ मिलिमीटर, म्हणजे तात्यांची नस एका दिवसात जेवढी वाढती तेवढा हा पूर्ण प्राणी! अंग काचेसारखं आरपार, तीन दिवसात पिढी तयार, अन् मज्जातंतूच्या पेशी मोजून ३०२. प्रत्येकीला नाव आहे अन् कोण कुणाला जोडली त्याचा नकाशा १९८६ लाच छापून आलाय.

२००४ मध्ये संशोधक मेहमेत फातिह यानिक अन् त्यांच्या सोबतच्यांनी अतिशय बारीक लेझरनं जिवंत कृमीतला एकच तंतू कापून दाखवला, बाकी अंगाला धक्का नाही. तो तंतू परत वाढला. मग काय, एकेक जीन बिघडवायचा, तंतू कापायचा अन् बघत बसायचं, वाढतोय का. २०११ च्या एका कामात असे ६५४ जीन तपासले. गंमत म्हणजे याच कृमीची बिघडलेल्या जीनवाली एक जात अशीही आहे की तिला लेझर लागतच नाही, तिच्यात स्पेक्ट्रिन नावाचं लवचिक प्रोटीन नाही त्यामुळं नुसतं वळवळताना तिचे तंतू तुटतात अन् परत वाढतात, जन्मभर हेच.

सगळ्यात मोठं सापडलं ते २००९ ला, डीएलके-१. हा जीन नसला तर कृमी जन्मतो व्यवस्थित, त्याचे तंतू पहिल्यांदा बरोबर तयार होतात, पण कापल्यावर मात्र वाढतच नाहीत. मला हे वाचून थांबायला झालं, कारण आपल्याला वाटतं की ज्यानं घर बांधलं तोच गवंडी डागडुजी करणार, इथं डागडुजीचा माणूसच वेगळा निघाला. आणि त्याचं प्रमाण वाढवलं की तंतू जास्त जोमानं वाढतो. एरवी त्याला दाबून ठेवायला आरपीएम-१ नावाचा दुसरा जीन आहे, तो डीएलके-१ चा सारखा निकाल लावत असतो.

मग माणसात डीएलके वाढवून टाका की, असं तात्याच म्हणले. तेवढं सोपं नाही. आपल्यात अन् उंदरात त्याचा भाऊबंद आहे, उंदराच्या पायातली नस वाढायला तो लागतो, पण डोळ्यामागची नस दुखावली तर तोच पेशींना मरायचा सिग्नल देतो. एकच जीन, जागा बदलली की उलटं काम.

वयाचंही तसंच. लेट-७ नावाचा छोटा आरएनए (दुसऱ्या जीन्सना आवर घालणारा रेणू) कृमी मोठा होताना वाढत जातो अन् काही तंतूंची परत वाढायची ताकद दाबतो, तो काढला तर मोठ्या कृमीतही वाढ सुधारते. हा लेट-७ पहिल्यांदा या कृमीतच सापडला अन् माणसात जशाच्या तसा आहे.

कृमीत अजून एक होतं जे आपल्यात होत नाही, वाढणारं टोक कधीकधी तुटलेल्या तुकड्याला जाऊन थेट चिकटतं, इएफएफ-१ नावाचं प्रोटीन दोन्ही तुकड्यांचे बाहेरचे पडदे जोडतं, अन् कृमीला शेपटीकडं हात लावलेलं परत कळायला लागतं. हात म्हणजे काडीला चिकटवलेला पापणीचा केस, लॅबमध्ये खरंच त्यानं शिवून बघतात. डॉक्टर तात्यांच्या बोटाला कापूस लावून डोळे मिटा म्हणत होते ना, तेच.

या विषयावर आपल्याकडं हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिंद्य घोष-रॉय यांची लॅब काम करती. त्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की तंतू कापलेल्या कृमींना पाण्यात पोहायला लावलं तर वाढ अन् स्पर्श दोन्ही सुधारतात, मात्र एएमपीके या एन्झाइमचा जीन बिघडलेला असंल तर पोहून काही उपयोग नाही.

हे तात्यांना सांगितलं तेव्हा फिजिओथेरपीवाल्यानं दिलेला स्पंजचा बॉल खिडकीत धूळ खात पडला होता. ते म्हणले, कृमीला काय काम असतंय दुसरं. पण रात्री टीव्हीपुढं दाबत बसले होते.