चहाच्या टेबलावरचे एकमत

गोव्यात फोंड्याला आमच्या वाड्याच्या नाक्यावर एक लहानसे हॉटेल आहे. सकाळी साडेसातच्या सुमारास तिथे पातळ भाजी, पाव आणि चहा घेणारे पाच-सहा जण ठरलेले असतात, त्यांतला मी एक. मागच्या पावसाळ्यात वाड्यातल्या एका बंद घरात चार आफ्रिकी तरुण भाड्याने राहायला आले आणि आमच्या टेबलावर त्यांचा विषय निघाला. पहिल्या दिवशीचे बोलणे अगदी साधे होते. त्यांच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, एवढेच कोणीतरी म्हणाले. दुसऱ्या दिवशी एकाने मोटरसायकलच्या आवाजाची भर घातली, तिसऱ्याला किनारपट्टीवरची कुठलीशी जुनी बातमी आठवली, आणि भाजीची वाटी संपेपर्यंत गोष्ट "आमच्याच गांवांत आमकां कोण वळखना जालां" इथवर गेली. आठवडा संपायच्या आत, घरमालकाला भेटून खोली रिकामी करून घ्यायला सांगावे, यावर टेबलाचे एकमत झाले होते. त्या चौघांशी एक शब्दही बोललेला माणूस आमच्यात नव्हता. मी विरोध केला नाही, हेही नमूद केले पाहिजे. आवाजाच्या मुद्द्याला मीसुद्धा मान डोलावली होती.

या आठवड्यात नवी माहिती म्हणावी असे काहीच टेबलावर आले नव्हते, तरीही कुरबुरीचा ठराव झाला. चार माणसे एकत्र बसून बोलली की टोकाची मते एकमेकांना छाटतात आणि मधला मार्ग निघतो, असे आपण सहसा धरून चालतो, आणि पंचायतीपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे चर्चेवर आपला जो विश्वास आहे तो याच समजुतीवर उभा आहे. सामाजिक मानसशास्त्रातही १९६० पर्यंत साधारण हेच गृहीत होते.

त्याला पहिला धक्का दिला तो अमेरिकेतील एमआयटीमध्ये शिकणाऱ्या जेम्स स्टोनर या विद्यार्थ्याने, १९६१ मधील आपल्या प्रबंधात. त्याने लोकांपुढे काही पेच ठेवले, उदाहरणार्थ, कमी पगाराची पण पक्की नोकरी सोडून एखाद्या अभियंत्याने बेभरवशाच्या नव्या कंपनीत जावे का? प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर दिले, मग गटात चर्चा करून एकत्र निर्णय घेतला. गटांचे निर्णय सदस्यांच्या आधीच्या मतांच्या सरासरीपेक्षा अधिक धाडसी निघाले. प्रथम वाटले की गटात जबाबदारी वाटली जाते म्हणून माणसे धाडसी होतात. पण पुढे काही पेचांमध्ये गट उलट अधिक सावध होताना दिसले, आणि मग खरा नियम ध्यानात आला. चर्चेपूर्वी गटाचा कल ज्या बाजूला असतो, चर्चेनंतर गट त्याच बाजूला आणखी सरकतो. १९६९ मध्ये सर्ज मोस्कोविसी आणि मारिसा झाव्हालोनी यांनी फ्रान्समधील विद्यार्थ्यांवर हेच दाखवले. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्याविषयी आधीपासून असलेले अनुकूल मत चर्चेने अधिक अनुकूल झाले आणि अमेरिकनांविषयीचे प्रतिकूल मत अधिक प्रतिकूल झाले. या घडामोडीला समूह-ध्रुवीकरण म्हणतात.

आमच्या टेबलाशी सर्वांत जवळचा प्रयोग मात्र पुढच्याच वर्षीचा आहे. डेव्हिड मायर्स आणि जॉर्ज बिशप यांनी अमेरिकेतील शाळकरी मुलांची वांशिक पूर्वग्रहांबाबत चाचणी घेतली आणि समान वृत्तीच्या मुलांचे गट पाडले, म्हणजे अधिक पूर्वग्रह असलेले एकत्र आणि कमी असलेले एकत्र. या गटांनी वांशिक प्रश्नांवर चर्चा केल्यानंतर पुन्हा मोजमाप झाले. पूर्वग्रह असलेल्यांचा पूर्वग्रह वाढला होता, कमी असलेल्यांचा आणखी कमी झाला होता, आणि दोहोंमधली दरी चर्चेआधी होती त्यापेक्षा रुंद झाली होती. 'सायन्स' या नियतकालिकात १९७० मध्ये हा निबंध आला. मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की दोन्ही गटांत चाललेले चर्चेचे यंत्र एकच होते. सज्जनांचे गट सज्जन होत गेले तेही काही विचारांच्या बळावर नव्हे, तर ज्या कारणाने दुसरे बिघडले त्याच कारणाने.

ते कारण एकच नाही. पहिले आहे मुद्द्यांच्या साठ्याचे. माझ्याजवळ एका बाजूचे दोन मुद्दे असतील आणि शेजाऱ्याजवळ त्याच बाजूचे वेगळे दोन, तर चर्चेनंतर दोघांकडेही चार मुद्दे होतात, आणि विरुद्ध बाजूचा मुद्दा कोणाकडेच नसल्याने तो टेबलावर येतच नाही. आमच्याकडे दिवे, मोटरसायकल आणि बातमी हे तिन्ही एकाच पारड्यात पडले. ते तरुण कदाचित रात्रपाळीला जात असतील, ही साधी शक्यता बोलून दाखवायला कोणी नव्हते. दुसरे कारण तुलनेचे आहे. आपल्या गटात मान मिळावा असे प्रत्येकाला वाटते, म्हणून गटाचा कल कळला की माणूस त्याच दिशेने इतरांच्या एक पाऊल पुढे उभा राहू पाहतो, आणि सगळेच असे एक पाऊल पुढे टाकत असल्यामुळे अख्खी रांग सरकत जाते. तिसरे कारण खात्रीचे. पुष्कळदा माणसाचे मत मवाळ असते ते तो सहिष्णू असतो म्हणून नव्हे, तर त्याला पुरती खात्री नसते म्हणून. इतरांच्या तोंडून तेच ऐकले की ती खात्री येते.

हे बदल केवळ तोंडदेखले नसतात, हे २००५ मध्ये कोलोराडो राज्यातील एका प्रयोगात दिसले. बोल्डर या डावीकडे झुकलेल्या आणि कोलोराडो स्प्रिंग्ज या उजवीकडे झुकलेल्या शहरातील नागरिकांना आपापल्या शहरवासीयांबरोबर बसवून तीन विषयांवर बोलायला लावले. हवामान करार, वंचित गटांसाठी विशेष संधी आणि समलिंगी जोडप्यांना कायदेशीर मान्यता, हे ते विषय. चर्चेनंतर प्रत्येकाने आपले मत नाव न देता खासगीत नोंदवले. बोल्डरचे लोक आणखी डावीकडे गेले आणि स्प्रिंग्जचे आणखी उजवीकडे. शिवाय एकाच गटात आधी मतांची जी विविधता होती तीही चर्चेनंतर घटली.

आता वंशाकडे. आमच्या टेबलावर ज्याला आम्ही आपसूक एक 'जात' समजून बोलत होतो, त्या गोष्टीला जीवशास्त्रात फारसा आधार नाही. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये दाखवले की मानवातील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडते, आणि ज्यांना रूढ अर्थाने वंश म्हणतात त्यांच्यामधला फरक जेमतेम ६ टक्क्यांचा असतो. त्वचेचा रंग काही मोजक्या जनुकांवर बराचसा अवलंबून असतो. त्यांतील एका जनुकाचे उजळ वर्णाशी जोडलेले रूप युरोपात जवळजवळ सर्वांमध्ये आढळते आणि भारतात कुठे जास्त, कुठे कमी असे विखुरलेले आहे, त्यामुळे एकाच घरात गोरा आणि सावळा भाऊ असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाज राहतो. पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे हे वंशज घरात कोकणी बोलतात, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत त्यांच्यामध्ये आफ्रिकी व भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा स्पष्ट दिसला. त्यांतला कोणी आमच्या हॉटेलात येऊन चहा मागू लागला, तर टेबलाची पंचाईतच होईल.

जीवशास्त्रात नसलेली रेघ समाज मात्र जपून ओढतो. पोर्तुगीज अमलात पोर्तुगालमध्ये जन्मलेला रेइनोल, पोर्तुगीज आईबापांच्या पोटी इथे जन्मलेला कास्तिसो आणि मिश्र रक्ताचा मेस्तिसो अशी प्रतवारी होती. राज्यकर्ते गेले, पण गोऱ्याला 'पाखलो' आणि आफ्रिकी माणसाला 'खापरी' म्हणणारी कोकणी अजून आपल्या तोंडात आहे, आणि त्यांच्या जोडीला घाटापलीकडच्यासाठी 'घाटी' आणि बाहेरून आलेल्या सरसकट सगळ्यांसाठी 'भायलो' हे शब्द आहेतच. अशी रेघ ओढायला किती कमी कारण पुरते, हे हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये दाखवले. पोलंडमध्ये जन्मलेले ताजफेल ज्यू होते, आणि दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून ते जर्मनांच्या कैदेत राहिले होते. त्यांनी शाळकरी मुलांना क्ले आणि कांडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात या किरकोळ सबबीवर दोन गटांत विभागले आणि इतरांना पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्या गटाला मिळणारी रक्कम थोडी घटली तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा ती जास्त असली पाहिजे, असाच त्यांचा कल दिसला.

अमेरिकेत ही रेघ राजकीय पक्षांवरून जाते. आपले मूल दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न करून गेले तर वाईट वाटेल असे १९६० मध्ये तिथे सुमारे ५ टक्के लोक म्हणत. २०१० पर्यंत रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश तसे म्हणू लागले. शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फरकाकडे लक्ष वेधले, कारण ही दरी धोरणांच्या मतभेदापेक्षा दुसऱ्याविषयीच्या तिटकाऱ्याची आहे. गोव्यात हे मोजमाप तसेच्या तसे लावता येणार नाही. जिथे २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदारांनी एका फटक्यात भाजपमध्ये प्रवेश केला, तिथे पक्षावरून सोयरीक मोडायची तर ती दर पाच वर्षांनी मोडावी लागेल. आपले ध्रुवीकरण पक्षांत नाही, ते जमीन, भाषा आणि गोंयकार (म्हणजे गोव्याचा) की भायलो या प्रश्नांभोवती साठलेले आहे.

या बाबतीत १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल मला फार बोलका वाटतो. मतदानाच्या चिन्हांपैकी 'फूल' म्हणजे गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण, 'दोन पाने' म्हणजे वेगळे अस्तित्व. घराघरांत त्या वेळी झालेली भांडणे आमच्या आधीच्या पिढीने पाहिली आहेत. प्रश्न वरवर पाहता हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असाच मांडला जात होता. परंतु विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली, आणि गोव्यात हिंदूंची संख्या तेव्हाही निम्म्याहून बरीच अधिक होती. म्हणजे हिंदू मतदारांचा मोठा वाटा दोन पानांकडे गेल्याशिवाय हा निकाल लागूच शकत नव्हता. विलीनीकरणाच्या बाजूने लढणारे 'गोमन्तक' हे दैनिक मराठी होते आणि विरोधात लढणारे 'राष्ट्रमत' हे दैनिकही मराठीच होते, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याच्या कानावर दोन्ही बाजूंचे मुद्दे पडत राहिले. धर्म, भाषा, जात, तालुका या रेघा एकमेकींवर न बसता एकमेकींना छेदत गेल्या की कोणतेही टेबल पूर्णपणे एकाच रंगाचे राहत नाही.

मोबाइलच्या पडद्यावर अशी छेद देणारी माणसे सहज गळून जातात, आणि जे उरते ते तापलेले असते. ट्विटरवरील पाच लाखांहून अधिक संदेशांच्या अभ्यासात, २०१७ मध्ये, असे आढळले की नैतिक भावना व्यक्त करणारा प्रत्येक जादा शब्द संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवतो. मग विरुद्ध मते वाचायला दिली तर? ख्रिस्तोफर बेल यांनी २०१८ मध्ये हाच प्रयोग करून पाहिला, आणि महिनाभर विरुद्ध पक्षाचे संदेश वाचलेले रिपब्लिकन लोक आधीपेक्षा अधिक कडवे झाले. केवळ परक्याचा आवाज कानावर आदळणे पुरत नाही. याउलट केविन मंगर यांच्या २०१७ मधील अभ्यासात वंशद्वेषी शिव्या देणाऱ्या गोऱ्या पुरुषांना एका बनावट खात्यावरून हटकले गेले. खाते गोऱ्या माणसाचे आणि पुष्कळ अनुयायी असलेले भासत होते तेव्हा शिव्या कमी झाल्या. तेच खाते काळ्या माणसाचे भासले तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. हटकणारा आपल्यातला असावा लागतो.

आणि एकत्र काम केले तर? उत्तर प्रदेशात मॅट लोव यांनी वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची क्रिकेट स्पर्धा भरवली. एकाच संघातून खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली, पण दुसऱ्या जातीच्या खेळाडूंशी जे प्रतिस्पर्धी म्हणून भिडले त्यांचा एकमेकांशी संबंध उलट घटला. इराकमध्ये सलमा मूसा यांनी विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घेतले. सहा महिन्यांनंतरही ते ख्रिस्ती तरुण मुस्लिमांबरोबर सराव करायला तयार होते, परंतु मैदानाबाहेर, उदाहरणार्थ मुस्लिमबहुल मोसुलमधल्या उपाहारगृहात जायचे की नाही या प्रश्नात, तो बदल फारसा पोहोचला नव्हता.

हे वाचताना मला आपलीच गोष्ट आठवते. धेंपो या गोव्याच्या फुटबॉल क्लबने २०१२ मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली तेव्हा आम्ही ज्याच्या गोलांवर नाचत होतो तो रांती मार्टिन्स नायजेरियन होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस, एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि राज्याच्या तत्कालीन एका मंत्र्याने नायजेरियन लोकांची तुलना कर्करोगाशी केली. ते प्रेक्षक आणि त्या मंत्र्याला दाद देणारे लोक वेगवेगळे असतील असे मला वाटत नाही.

आमच्या वाड्यातले ते चौघे आता संध्याकाळी देवळामागच्या मैदानावर आमच्या पोरांबरोबर खेळतात, आणि त्यांच्यातला उंच मुलगा वाड्याच्या संघाचा गोलरक्षक आहे. घरमालकाकडे अजून कोणी गेलेले नाही. सकाळच्या टेबलावर त्याच्या गोलरक्षणाचे कौतुक होते, आणि त्यानंतर चहा येईपर्यंत रात्रीच्या दिव्यांचा विषय पुन्हा निघतो.