वेबसाइटचं ॲप करायला सगळं नव्याने लिहावं लागत नाही

‘ॲप हवं तर सगळं पहिल्यापासून लिहा’, हे वर्षानुवर्षं कानावर येतं. त्यापायी लोक नाहक खर्चात पडतात, याचं फार वाईट वाटतं. साइटला मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल जोडा. तिच्यात नाव, आयकॉन, सुरुवातीचं पान आणि ‘डिस्प्ले’पुढे ‘स्टँडअलोन’ लिहा. मग साइट होम स्क्रीनवर ठेवून तिथून उघडली की ब्राउझरची पत्त्याची पट्टी गायब! नेट नसतानाही पानं दिसायला सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालणारी छोटी स्क्रिप्ट लागते, तिला एचटीटीपीएस, म्हणजे साइटची सुरक्षित जोडणी हवीच. आयफोनवर २०२३च्या आयओएस १६.४ पासून नोटिफिकेशनही येतात, साइट होम स्क्रीनवर ठेवली असेल तरच. मात्र नुसती साइट ॲपच्या वेष्टनात गुंडाळून ॲप स्टोअरला पाठवू नका, ॲपलच्या ४.२ क्रमांकाच्या नियमावर ती अडकते. तिथे साइटपेक्षा जास्तीचं काही द्यावंच लागतं.