स्नायपर रायफल

दूरवरचे एकच लक्ष्य एका गोळीत टिपण्यासाठी बनवलेली, दुर्बीण बसवलेली लष्करी रायफल. नाव पक्ष्यावरून आले. ‘स्नाइप’ म्हणजे आपला पाणलावा. थंडीत तो कोकणातल्या ओल्या मळ्यांत उतरतो आणि उठला की वेडावाकडा उडतो. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी त्याची शिकार करत. त्यातून नेमबाजाला ‘स्नायपर’ हे नाव पडले.

कोकणात रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर ठेवतात त्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, म्हणून गोळी लवकर भरकटते. रायफलच्या नळीत मळसूत्री आटे असतात. त्यांनी गोळी गरगर फिरते आणि भोवऱ्यासारखी तोल धरते. अमेरिकी यादवीत (१८६१–६५) नावाजलेली षट्कोनी नळीची व्हिटवर्थ रायफलही ठासणीचीच होती, हे सहसा विसरले जाते. दुर्बिणीचा सर्रास वापर पहिल्या महायुद्धात सुरू झाला. भारतीय लष्करात दीर्घकाळ वापरात असलेली सोव्हिएत द्रागुनोव्ह (१९६३) दहा गोळ्यांची, आपोआप भरणारी आहे. अलीकडची फिनलंडची साको टीआरजी ४२ दर गोळीला हाताने बोल्ट (नळीमागचा खटका) ओढून चालवावी लागते, पण तिचा पल्ला कितीतरी लांब.

दमट हवेचा खरा फटका नळीखालच्या लाकडी दस्त्याला बसतो. लाकूड फुगते, नळीला टेकते आणि जुळवलेला नेम सरकतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकी एम ४० रायफलींचे हेच झाले. पुढे फायबरग्लासचे दस्ते आले. जुन्या दुर्बिणींच्या भिंगांवर बुरशी धरते. नव्या दुर्बिणींत म्हणूनच नायट्रोजन भरलेला असतो. दमटपणामुळे गोळी जड होऊन खाली पडते, हा मात्र गैरसमज. दमट हवा उलट किंचित विरळ असते.

कोकण किनाऱ्यावर हिशेब चुकतो तो वाऱ्याचा. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा ७.६२ मिमीची गोळी ६०० मीटरवर सुमारे अर्धा मीटर ढकलतो. उत्तरेकडे तोंड करून नेम धरला, तर पहाटेचा मतलई वारा गोळी डावीकडे नेतो आणि दुपारचा खारा वारा उजवीकडे. सकाळची दुरुस्ती दुपारी तशीच ठेवली, की चूक दुप्पट.

खाऱ्या हवेत गंज टाळण्यासाठी नळीला आतून तेलाचा पातळ हात देतात. नेमबाजीआधी ते कोरड्या फडक्याने पुसून काढावेच लागते. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी हमखास दुसरीकडे जाते, आणि या कामात पहिलीच गोळी महत्त्वाची.