सोपे यंत्राकडे, अवघड माणसाकडे

जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. वेग वाढला की गोळे फाकायचे आणि वाफेची झडप थोडी मिटायची. वेग उतरला की उलट. झडपेवर सतत हात ठेवण्याची गरज संपली, पण इंजिन हेलकावे खाऊ लागले तर ते ओळखणारा माणूस लागायचाच. पुढे कामाची ही वाटणी तशीच राहिली.

तिचे दुखणे थ्री माइल आयलंडला उघडे पडले. 28 मार्च 1979 च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या या अणुवीज केंद्रात दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला होता. तो दिवा व्हॉल्व्ह मिटल्याचे दाखवतच नव्हता. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाची, म्हणजे सोलेनॉइडची, वीज बंद झाली, एवढेच सांगत होता. ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह मिटला असे धरले. त्यात प्रेशरायझरमधली, म्हणजे दाब राखणाऱ्या टाकीतली, पाण्याची पातळी चढलेली दिसली, म्हणजे पाणी जास्त झाले असे वाटून त्यांनी आपत्कालीन पाण्याचा प्रवाहही कमी केला. शंभरावर अलार्म एकदम वाजत होते. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. ठपका आधी ऑपरेटरांवर आला. दिव्याची ती जोडणी करणाऱ्यांचा विचार नंतर झाला.

मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी 1983 मध्ये यातला विरोधाभास नेमका मांडला. डिझायनरला जे जमते ते तो स्वयंचलित करतो. उरलेले, म्हणजे सर्वांत अवघड, ऑपरेटरच्या वाट्याला येते. तेही क्वचित, म्हणजे हात बसलेला नसताना. नुसते बघत बसणेही माणसाला झेपत नाही: मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांच्या 1948 च्या प्रयोगात अर्ध्या तासातच लक्ष ढळू लागले होते.

विमानात पूर्वी लांब पल्ल्यासाठी पाच जण असत: दोन वैमानिक, फ्लाइट इंजिनीअर, नॅव्हिगेटर, रेडिओ ऑपरेटर. आता कॉकपिटमध्ये एका वेळी दोन वैमानिकच उरले. 1 जून 2009 ला एअर फ्रान्सच्या 447 क्रमांकाच्या उड्डाणात वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाने तुंबल्या, वेगाचे आकडे जुळेनात आणि ऑटोपायलट सुटला. आकडे मिनिटभरातच सावरले, पण तोवर नाक वर ओढले गेले होते. विमान स्टॉल झाले: पंखांची उचल सुटली, आणि ती परत मिळवायला नाक खाली करावे लागते. वेग फारच कमी मोजला गेला की संगणक तो आकडा अग्राह्य धरून स्टॉलचा इशारा थांबवायचा. नाक खाली केले की इशारा पुन्हा सुरू. म्हणजे बरोबर केले की ओरडा, चुकीचे केले की शांतता. साडेचार मिनिटांच्या आत 228 जण गेले.

2013 मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामकाने विमान कंपन्यांना सांगितले, योग्य वेळी वैमानिकांना हाताने विमान चालवू द्या.