बैठे खेळ आणि संवादसाधने

ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, किंवा ज्यांचे बोलणे घराबाहेरच्यांना फारसे कळत नाही, अशी माणसे चित्रांचा तक्ता, अक्षरफलक, बटण दाबल्यावर बोलणारे यंत्र किंवा टॅबलेटवरील ॲप यांच्या आधाराने बोलतात. या सगळ्या मार्गांना मिळून ‘पूरक व पर्यायी संवाद’ किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एएसी’ असे म्हणतात. सापशिडी, ल्युडो, पत्ते, व्यापार असे बैठे खेळ या माणसांबरोबर खेळून त्यांची भाषा वाढवणे, ही वाचा-उपचारात रुळलेली पद्धत आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे), स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी ती मुख्यतः वापरतात; पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या किंवा एएलएस (स्नायूंची शक्ती हळूहळू नेणारा मज्जातंतूंचा आजार) झालेल्या प्रौढांनाही ती लागू पडते.

तोंडाने बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते २०० शब्द बोलतो. यंत्रावर एकेक चित्र किंवा अक्षर निवडून बोलणाऱ्याचा वेग बहुधा १५ शब्दांच्या आतच राहतो. गप्पांमध्ये आपली वेळ पटकावून घ्यावी लागते, आणि या वेगाने ती कधीच पटकावता येत नाही. वाक्य जुळवून होईपर्यंत विषय बदललेला असतो. मग समोरचा माणूस ‘हो-नाही’त उत्तर येईल असे प्रश्न विचारू लागतो आणि यंत्र वापरणारा फक्त उत्तरे देणारा उरतो. बैठ्या खेळात मात्र पाळी नियमानेच येते. फासा समोर ठेवला की सगळे त्याच्याकडे पाहत थांबतात, आणि हे थांबणे कोणालाही अवघडल्यासारखे वाटत नाही. घरात याहून स्वाभाविक अशी थांबण्याची जागा सापडणे कठीण आहे.

पाळी हे खेळ निवडण्याचे पहिले कारण; दुसरे कारण शब्दांचे. एएसीच्या अभ्यासक जॅनिस लाइट यांनी १९८८ मध्ये संवादाचे चार हेतू मांडले : गरज सांगणे, माहिती देणे, जवळीक साधणे आणि शिष्टाचार पाळणे. संवादतक्ते सहसा पहिल्याच हेतूवर अडकलेले असतात. पाणी, भूक, शू, दुखतंय. ही बटणे हवीतच. पण एवढ्यावर कोणाशी दोस्ती होत नाही. खेळात चिडवावे लागते, खोटे पकडावे लागते, हरल्यावर कुरकुरावे लागते. मराठी मुलांकडे यासाठी भरपूर शब्दसंपत्ती आहे : ‘रडीचा डाव’, ‘चिडका बिब्बा’, ‘टाइमप्लीज’, ‘परत टाक’, ‘हे चालणार नाही’. यंत्रात किंवा तक्त्यात खेळासाठी केलेल्या पानावर हे शब्द नसतील, तर ते पान अपुरे आहे.

मैदानी खेळात लहान भावंडाला ‘कच्चं लिंबू’ करतात. ते सगळ्यांबरोबर पळते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. यंत्र वापरणाऱ्या मुलाचे टेबलावर नेमके हेच होते. त्याच्या पानावर ‘फासा टाक’ एवढे एकच बटण दिलेले असते. सोंगटी दुसरे कोणी हलवते, कोणती हलवायची तेही तेच ठरवते, आणि शेवटी सगळे टाळ्या वाजवून त्याला जिंकवतात. खेळ झालेला दिसतो, भाषा मात्र एका शब्दानेही पुढे सरकत नाही. मुलाला खरोखर हरता येणे आणि दुसऱ्याच्या पाळीतही मध्येच बोलता येणे, या दोन गोष्टी असतील तरच ते खेळाडू ठरते.

पद्धतीचा गाभा सोपा आहे. मोठी माणसे आणि भावंडे बोलता बोलता तेच शब्द त्या मुलाच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखवतात. ‘आता तुझा डाव’ म्हणताना ‘तुझा’ आणि ‘डाव’, ‘अरेरे, गेली!’ म्हणताना ‘गेली’. कारॉल गूसेन्स, शॅरन क्रेन आणि पामेला एल्डर यांनी १९९२ मध्ये ही रीत तपशीलवार मांडली. तान्हे बाळ वर्षभर बोलणे ऐकते तेव्हा पहिला शब्द काढते. तक्त्यावर बोलणाऱ्यालाही तक्त्यावरचे बोलणे आधी भरपूर पाहायला मिळाले पाहिजे. खेळात ‘टाक’, ‘दे’, ‘घे’, ‘थांब’, ‘परत’, ‘नको’, ‘माझं’ हे रोजच्या वापराचे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक फेरीत प्रसंग थोडा वेगळा असतो. ‘साप’, ‘शिडी’, ‘सोंगटी’ ही नावे त्या खेळापुरती असतात. रोजचे शब्द तक्त्यावर नेहमीच्या जागी कायम ठेवावेत आणि खेळापुरते शब्द कडेला जोडावेत. जागा बदलत राहिल्या तर बोटाला सवय लागत नाही.

‘आधी “दे” दाब, मग फासा देते’ ही सवय मात्र टाळावी. त्याने खेळाची परीक्षा होते. तोंडाने बोलणाऱ्या भावंडाला फासा मागावा लागत नाही, तर याला का लागावा?

मराठीपुरती एक अडचण वेगळी आहे. बरेच तक्ते इंग्रजीच्या घडणीवर बेतलेले असतात. तिथे ‘माझे’साठी एकच चित्र पुरते. मराठीत डाव माझा, सोंगटी माझी आणि घर माझं. भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे वळते : मी फासा टाकला, मी सोंगटी मारली, मी घर घेतलं. शिवाय यंत्राला ‘मी टाकतो’ एवढेच येत असेल, तर मुलीच्या तोंडी मुलाची भाषा येते, आणि ती तिला खटकते. ल्युडोच्या एका डावात तिन्ही लिंगे अशी सहज भेटतात की व्याकरणासाठी वेगळा पाठ लागत नाही. मराठी तक्ता करणाऱ्याने ही रूपे शेजारीशेजारी ठेवावीत. सुरुवातीला मूल ‘माझा सोंगटी’ म्हणाले, तर ते मान्य करून पुढच्या वाक्यात ‘हो, तुझी सोंगटी!’ असे दाखवावे.

प्रत्येक खेळातून सारखीच भाषा मिळत नाही. बुद्धिबळात यंत्र वापरणारा पूर्ण बरोबरीने खेळतो, पण तिथे बोलायचे कारणच पडत नाही. सापशिडीत निवड नाही. तरी उद्गार पुष्कळ आहेत, म्हणून ती नवख्यांना बरी. खरी भाषा प्रश्नांच्या खेळात आहे. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या ‘गेस हू’ या खेळात २४ चेहऱ्यांपैकी समोरच्याचा चेहरा ओळखायचा असतो : चष्मा आहे का? टक्कल आहे का? एरवी सतत उत्तरे देणाऱ्याच्या हाती इथे प्रश्न येतो. मराठी घरांतला ‘नॉट ॲट होम’ हा पत्त्यांचा खेळ याच कामाचा आहे. ‘तुझ्याकडे इस्पिकची राणी आहे का?’ असे नाव घेऊन विचारायचे आणि पान नसेल तर समोरच्याने खेळाचे नावच उच्चारायचे. ‘नॉट ॲट होम’ एका बटणात बसते; प्रश्नासाठी मात्र माणूस, रंग आणि पान असे तीन भाग जुळवावे लागतात. पत्ते पुरते ओळखता आले की हा खेळ जरूर घ्यावा.

मोठ्यांसाठी कथेत भूमिका घेऊन खेळायचे खेळही उपयोगी पडतात. त्यांतला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ पासून खेळला जातो. आपल्या पात्राची भाषणे आदल्या दिवशी यंत्रात भरून ठेवता येतात, आणि वेगाचा प्रश्न बराच सुटतो. पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या आजोबांना मात्र नवा खेळ शिकवण्यापेक्षा त्यांचा जुना रमीचा अड्डा परत मिळवून देणे अधिक मोलाचे ठरते.

हाताच्या अडचणींवर साधे उपाय आहेत : न घसरणारी चटई, जाड सोंगट्या, पत्ते उभे धरणारी लाकडी खाच, पारदर्शक डबीत बंद केलेला फासा, स्विच दाबल्यावर फिरणारी चकती. सोंगटी दुसऱ्याने हलवली तरी चालते, मात्र ‘कोणती आणि कुठे’ हे खेळाडूने सांगायचे. हात देणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, आणि त्याने स्वतः त्या डावात खेळूही नये, कारण त्याला पत्ते दिसतात. यंत्राचा पडदा इतरांना दिसणार नाही असा वळवून ठेवावा, नाहीतर थाप मारायच्या खेळात वाक्य जुळवतानाच गुपित फुटते.

खेळाचे आजारपणाशी नाते जुने आहे. ‘कँडी लँड’ हा खेळ एलेनर ॲबट या शिक्षिकेने १९४८ मध्ये सॅन डिएगो येथे पोलिओतून बरे होत असताना तिथल्या आजारी मुलांसाठी तयार केला. तो वाचता न येणाऱ्यालाही खेळता येतो. रंग ओळखता आले की पुरे.

यंत्र दिले तर मूल बोलायचा प्रयत्न सोडेल, ही भीती आपल्याकडे अजून फार ऐकू येते. डायने मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लोसर यांनी २००६ मध्ये २३ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातील ज्या २७ व्यक्तींबाबतचा पुरावा सर्वात भक्कम होता, त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते आणि ८९ टक्क्यांचे वाढले होते. वाढ बहुतेकदा थोडी होती, हेही सांगितले पाहिजे.

महाराष्ट्रात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या शिक्षणाचे संघटित काम मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियापासून सुरू झाले. आयआयटी मुंबईत घडवलेले ‘जेलो’ हे ॲप मराठीतही बोलते. महागडे यंत्र नसले तरी अडत नाही. मराठी शब्दांचा लॅमिनेट केलेला कागद बॅटरी संपली तरी चालतो, आणि तो ल्युडोच्या डब्यातच घडी करून ठेवलेला असला, तर सुट्टीला आलेली मामेभावंडेही तो उघडून खेळायला बसू शकतात.