खडू डाव्या हातात? राहू द्या

दोन वर्षांचं पोर डाव्या हाताने भेंडीचे ठसे उमटवू लागलं की दादरच्या आमच्या घरात आजी ओरडतेच, "उजवा हात!" आत्ताच वळवलं नाही तर वाईट सवय लागते, असा जुना समज. पण डावखुरेपणा ही सवय नव्हेच. साधारण 10 पैकी 1 माणूस तसा असतो. शिवाय या वयात मुलं हात बदलतच राहतात, पसंती पक्की व्हायला 4 ते 6 वर्षांचं वय उजाडतं. रंगाची वाटी मधोमध ठेवा, हात त्यालाच निवडू द्या.

खरी अडचण पुढे येते, कात्रीची. साध्या कात्रीचं पातं डावखुऱ्याच्या नजरेआड रेघ लपवतं, म्हणून कापणं वाकडं जातं. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. तोवर जुना पेपर फाडून चिकटवा, पोरांना तेच जास्त आवडतं!

आणि आजीसाठी: आपला सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्याने करायचा, लिहितो मात्र डाव्याने.